वडिलोपार्जित डोंगर

जमिनीचे खरेदीखत असो, वाटणीपत्र असो की दिवाणी कोर्टातला दावा, मराठी कागदपत्रांत दोन शब्द हटकून येतात: स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित. स्वतःच्या कमाईने घेतलेले शेत कोणी विकले तर गाव फारशी चौकशी करत नाही. त्याने घेतले, त्याने विकले. वडिलोपार्जित शेत विकायला काढले की मात्र पारावर बसलेला लांबचा माणूसही विचारतो, ‘का हो, काय नड आली?’ दुखणे, कर्ज, मुलीचे लग्न असे उत्तर मिळाले तर तो मान हलवतो. नड काहीच नव्हती, नुसती हौस होती असे कळले तर ‘बापाची इस्टेट उडवली’ म्हणतो. या एका प्रश्नात मालकीविषयीचा एक पक्का विचार आहे. आयते मिळालेले धन ज्याच्या हाती येते त्याने पीक खावे, शेत खाऊ नये. ते मागून आले आहे आणि पुढे जायचे आहे. मधल्या माणसाकडे फक्त त्याची राखण आहे. हा विचार आपल्या कायद्यात कसा आला, कुठे टिकला आणि कुठे फसला, हे या लेखात पाहायचे आहे. जिथे त्याची आज सर्वांत जास्त गरज आहे त्या जमिनीखालच्या खनिजाच्या बाबतीत आपण तो का लावत नाही, हा खरा प्रश्न आहे. गोव्याच्या डोंगरांतले लोहखनिज कोणत्याही सरकारने, कोणत्याही कंपनीने आणि आज हयात असलेल्या कोणत्याही माणसाने कमावलेले नाही. तरी ते विकून आलेला पैसा दरवर्षी कमाई म्हणून लिहिला जातो. माझा आक्षेप त्या लिहिण्याला आहे.

सुरुवात विज्ञानेश्वरापासून करावी लागते. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, कल्याणीच्या चालुक्य राजवटीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि पुढे जवळजवळ साऱ्या भारताचा वारसा कायदा तिच्यावर उभा राहिला. बंगालने जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ स्वीकारला. दोघांतला वाद वरवर पाहता किचकट वाटतो, पण मुद्दा सरळ आहे. बापाच्या मालमत्तेत मुलाचा हक्क बाप मेल्यावर उत्पन्न होतो की मूल जन्मल्याबरोबर? जीमूतवाहनाचे उत्तर मरण, विज्ञानेश्वराचे उत्तर जन्म. जन्माने हक्क मानला की बापाचे स्थान आपोआप बदलते. तो सर्वाधिकारी मालक उरत नाही, कुटुंबाचा कर्ता होतो. स्थावराची विक्री किंवा दान करताना जन्मलेल्यांचा, गर्भात असलेल्यांचा आणि अजून न जन्मलेल्यांचाही निर्वाह लक्षात घ्यावा, असे मिताक्षरेने उद्धृत केलेल्या स्मृतिवचनाचे तात्पर्य आहे. न जन्मलेल्या माणसाला आजच्या व्यवहारात पक्षकार मानण्याची ही कल्पना नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी मांडली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्रजी अमदानीत १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे खटल्यात तिला धार आणली. अज्ञान वारसाची मालमत्ता सांभाळणाऱ्याला ती गहाण टाकता किंवा विकता येईल, पण कायदेशीर गरज असेल किंवा मालमत्तेचेच हित होत असेल तेव्हाच; आणि गरज खरी आहे की नाही याची वाजवी चौकशी करण्याची जबाबदारी पैसा देणाऱ्यावरही राहील. पारावरच्या माणसाचा तो प्रश्न कायद्याने विचारायला सुरुवात केली.

ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. जन्माने हक्क होता, पण मुलाच्या जन्माने, मुलीच्या नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, सहदायाद, म्हणजे जन्माने हक्क असलेली वारस, मात्र केले नाही. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना सहदायाद मानले, पण आधीच लग्न होऊन गेलेल्यांना वगळून. देशभर हा हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आला आणि त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मुलींच्या बाजूने मिटवला. कागदावर मिटवला म्हणू. गावोगावच्या सातबाऱ्यावर भावांची नावे खातेदार म्हणून आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात, अशी नोंद कित्येक वर्षे होत आली. माहेर तुटू नये म्हणून साडीचोळीवर हक्कसोडपत्राला अंगठा देणाऱ्या बायकांची गणती कुठल्याच दप्तरात नाही. पिढ्यापिढ्यांची ठेव म्हणायचे आणि अर्ध्या वारसांना रकान्याबाहेर ठेवायचे, हे त्या विचाराच्या मुळावरच येणारे होते. ज्याच्यासाठी राखायचे त्याचे नाव आधी पूर्ण लिहिले पाहिजे.

दुसरा दोष हिशेबाचा. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला वाटणीच्या दिवशी शिल्लक काय आहे ते दाखवावे लागे. फसवणूक किंवा अफरातफर सिद्ध झाल्याशिवाय गेल्या वर्षांचा हिशेब त्याच्याकडे मागता येत नसे. म्हणजे विश्वस्त नेमला, पण वही ठेवायला लावली नाही. तिसरा दोष जास्त खोल आहे. कायद्याने राखले ते वारसांचे हिस्से. ज्या वस्तूत ते हिस्से होते ती वस्तू कोणीच राखली नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत सरासरी खातेजमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. एकूण जमीन फारशी घटली नाही, खातेदार सुमारे ४९.५ लाखांवरून जवळजवळ १५३ लाखांवर गेले. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असूनही हे झाले. कागदावर सामाईक राहिलेले शेत प्रत्यक्षात बांध घालून वाटले जात राहिले. आज एखादा उतारा काढला तर एका गटावर दहा-पंधरा नावे, मयताची नोंद बाकी, विहिरीत सहावा हिस्सा, आंब्याच्या झाडात चौथा, असे चित्र दिसते. त्यातल्या प्रत्येकाचा हक्क खरा आहे, आणि सगळ्यांचा मिळून संसार त्या जमिनीवर चालत नाही. वाटून घेण्याने न्याय होतो, पण ठेव टिकत नाही. भर म्हणून १९८६ साली चंदर सेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९५६ नंतर बापाची स्वतंत्र मालमत्ता हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ खाली मुलाला मिळाली तर ती त्याची वैयक्तिक होते, त्याच्या मुलांचा तिच्यात जन्माने हक्क नाही. जन्मस्वत्वाचा प्रदेश असा वर्षागणिक आकसतो आहे. घराच्या पातळीवर मला त्याचे फार दुःख नाही. माणसाला आपल्या घामाचे धन हवे त्याला देता यावे, आणि बापाच्या जमिनीला बांधून न घालता मुलांना शहरात जाता यावे, हे चांगलेच आहे. पण घरात जो विचार मागे पडतो आहे त्याची खरी जागा घराबाहेर होती, आणि तिथे तो पोचलाच नाही.

घराबाहेरचा एक जुना नमुना गोव्यात आहे: गांवकारी, पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद. गावची जमीन गांवकारांच्या समूहाची. कोणा एकाला ती विकता येत नसे, वाटूनही घेता येत नसे. पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या सनदेत या चालीरीती लिहून काढल्या, त्या अर्थी त्या त्याच्याही जुन्या. शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात आणि येणारा पैसा ठरलेल्या क्रमाने खर्च होई. सरकारचा सारा, बांधांची डागडुजी, देवळाचा आणि गावाचा खर्च हे आधी. त्यातून उरले तर गांवकारांना जोण, म्हणजे वर्षाचा वाटा. या क्रमाचे मोल कळायला खाजन शेती जवळून पाहावी लागते. मांडवी-झुआरीच्या खाऱ्या पाण्यापासून हिरावून घेतलेली ही भाताची शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. त्यांना चिखल, दगड आणि गवताचा बांध, आणि त्या बांधात ‘मानस’ नावाचे दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने लाकडी फळ्या मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. बांधाला खेकड्याने पाडलेले भोक एका हंगामात बुजवले नाही तर खारे पाणी आत शिरते आणि ते शेत पुढची काही वर्षे भात देत नाही. म्हणून जोण शेवटी आणि बांध आधी. उत्पन्न वाटून खाण्यापूर्वी मुद्दल जागेवर आहे ना हे पाहायचे, ही शिस्त कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी चिखलात शिकलेली आहे. गांवकारीतही बहिष्कार होताच. जोण गांवकारांच्या पुरुष वंशजांना मिळे. गावात राबणारे कूळ, मुंडकार आणि बायका यांना नाही. वर्तुळ अरुंद, पण वर्तुळातला हिशेब चोख: मिताक्षरेत जे नव्हते ते इथे होते.

त्याच गोव्यात, त्याच नद्यांच्या वरच्या अंगाला, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या भागांत दुसरा वारसा पडून होता. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या फर्मानाखाली खाणींचे परवाने दिले ते मुदतीविना, कायमचे. गोवा १९६१ साली मुक्त झाला तरी हे परवाने चालू राहिले. १९८७ च्या कायद्याने ते रद्द होऊन भाडेपट्टे झाले आणि एका नूतनीकरणानंतर त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. खाणी मात्र थांबल्या नाहीत, उलट चीनची मागणी वाढली तशा भडकल्या. पूर्वी टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यात गेलेले हलक्या प्रतीचे खनिजही जहाजावर चढू लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्यात शेजारच्या कर्नाटकातलेही काही होते. एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. पावसाळ्यात ते ढिगारे ओघळून ओढ्यांत, नद्यांत आणि खालच्या शेतांत उतरले, आणि पाण्याच्या पातळीच्या खाली गेलेल्या खाणींतून उपसा सुरू झाल्यावर आसपासच्या विहिरी आटल्या. एक वारसा विकताना दुसरा गाळात गेला. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये बाहेर आला, खाणी आधी राज्य सरकारने आणि मग ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल लागला: २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सगळे उत्खनन बेकायदा, वर्षाला तात्पुरती मर्यादा २ कोटी टन, आणि विक्रीच्या रकमेतला १० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत. सरकारने तरीही ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ते न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केले.

या साऱ्या कोर्टकचेरीत बेकायदा उत्खननाची चर्चा भरपूर झाली. कायदेशीर उत्खननात काय झाले याची फार थोडी झाली, आणि मला तोच भाग जास्त गंभीर वाटतो. ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजावरचे स्वामित्वधन टनामागे ठरीव रुपयांत होते. सर्वांत वरच्या दर्जाच्या खनिजालाही टनाला २७ रुपये, गोव्यातल्या हलक्या चुऱ्याला त्याहून बरेच कमी. मांडवीतून मुरगावकडे जाणारी दोन हजार टनांची एक बार्ज डोळ्यांसमोर आणा. सर्वांत चढा दर लावला तरी तिच्यावरून राज्याच्या तिजोरीत पडणार ५४,००० रुपये. खनिजाला टनाला २,००० रुपये भाव धरला, आणि तेजीच्या वर्षांच्या मानाने हा अंदाज हात राखूनच आहे, तर तीच बार्ज ४० लाखांचा माल घेऊन चालली आहे. खोदाई, वाहतूक, कामगार, यंत्रे यांचा खर्च आणि धंद्याचा रास्त नफा त्यातून खुशाल वजा करा. राहते ती डोंगराची किंमत, आणि ती डोंगराच्या धन्याला मिळाली नाही. पुढे स्वामित्वधन विक्री किमतीच्या १० टक्के झाले, २०१४ मध्ये १५ टक्के. डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्याच गटांसाठी, नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेल्या सरासरी किमतीच्या ६० टक्क्यांहून वर बोली गेली, काही तर ९० च्या पुढे. तो सरासरी भाव आणि निर्यातीचा भाव एक नसतो, हे मान्य. तरीही घेणारा स्वखुशीने जेवढे द्यायला तयार आहे तेवढे मागायला आपण सहा दशके लावली, हे त्या आकड्यांवरून लपत नाही.

आता वहीकडे येऊ. राज्यांच्या अर्थसंकल्पात स्वामित्वधन महसुली जमा म्हणून, करेतर उत्पन्नात दाखवले जाते. म्हणजे ज्या रकान्यात फी आणि व्याज येते त्याच रकान्यात विकलेला डोंगर. त्यामुळे खाण जितकी जोरात तितके राज्य श्रीमंत दिसते. शेतकऱ्याने दरवर्षी एकेक गुंठा विकून ते पैसे पिकाच्या उत्पन्नात मांडले तर त्याचेही वर्ष चांगले दिसेल, शेत संपेपर्यंत. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आठास एक अशा बहुमताने ठरवले की स्वामित्वधन हा कर नाही. खनिजाच्या हक्काबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला दिलेला तो मोबदला आहे. तो खटला राज्यांच्या कर लावण्याच्या अधिकाराचा होता, पण या एका वाक्याने आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. मोबदला असेल तर तो वस्तूच्या बदल्यात आला, वस्तू गेली. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने तर खनिजे हा सामायिक वारसा आहे आणि राज्य त्याचे विश्वस्त आहे, असे स्वच्छ मान्य केले आहे. धोरणात विश्वस्त, न्यायालयात मोबदला आणि वहीत उत्पन्न, अशी ही विसंगती आहे. सरळ मांडणी अशी हवी: विक्रीची रक्कम भांडवली जमा, ती पूर्णच्या पूर्ण कायम निधीत, आणि महागाई वजा जाता निधीवर जो परतावा मिळेल तेवढाच खर्चाला मोकळा. १० टक्के ही सुरुवात आहे. उरलेले ९० टक्के कोणाचे, हे तिने सांगितलेले नाही.

जगात हे दोन्ही प्रकारे करून पाहिलेले आहे. नॉर्वेला उत्तर समुद्रात १९६९ साली मोठा तेलसाठा सापडला. १९९० मध्ये निधीचा कायदा झाला, १९९६ मध्ये पहिला भरणा पडला आणि सरकारला खर्चायला अंदाजी वास्तव परतावाच मिळेल अशी मर्यादा घातली गेली, आधी ४ आणि २०१७ पासून ३ टक्के. ५५ लाखांच्या आसपास वस्तीच्या देशाचा तो निधी २०१७ मध्येच लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. अलास्काने १९७६ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून खनिज उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा कायम निधीत टाकला आणि १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला, लहान मुलांसकट, त्यातून सारखा वाटा दिला. जोण जशी गांवकारांना मिळे तशी, फक्त वर्तुळ सगळ्यांचे. या दोघांपेक्षा मला जास्त शिकवते ती प्रशांत महासागरातल्या नौरूची कथा. २१ चौरस किलोमीटरचे बेट, दहा-बारा हजार माणसे, आणि अंगभर फॉस्फेट. १९०७ पासून परक्यांनी खणले. १९६८ साली बेट स्वतंत्र झाले, खाणी देशाच्या झाल्या, आणि फॉस्फेट संपल्यावरच्या दिवसांसाठी त्यांनी विश्वस्त निधीही काढला. म्हणजे विचार होता, निधी होता, नावातही विश्वस्तपण होते. पण कारभार झाकलेला राहिला. परदेशांत इमारती, हॉटेले घेतली गेली, १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एका संगीतिकेत पैसा घातला आणि ती कोसळली, निधीवर कर्जे काढली गेली. एकेकाळी दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत असलेला हा देश नव्या शतकाच्या आरंभी दिवाळखोरीच्या दारात उभा होता, मेलबर्नमधली ५२ मजली नौरू हाउस इमारत २००४ मध्ये विकावी लागली, आणि बेटाचा सुमारे ८० टक्के भाग खणून निरुपयोगी झालेला. निधी स्थापन करणे सोपे आहे. कर्त्याला दरवर्षी वही उघडायला लावणे अवघड, आणि सगळा फरक तिथे पडतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आजच्या गरिबाचा आहे. खाणी थांबल्या तेव्हा गोव्यात ट्रकवाले, बार्जवाले, यंत्रचालक, गॅरेज आणि खानावळी चालवणारे असे हजारो संसार एका रात्रीत अडचणीत आले. कर्जावर घेतलेले ट्रक दारात गंजले. या माणसांना न जन्मलेल्या पणतूंसाठी थांबा म्हणणे क्रूरपणाचे आहे. ते मी म्हणत नाही. खोदाईची मजुरी, वाहतुकीचे भाडे, यंत्राचा हप्ता ही कष्टाची कमाई आहे आणि ती निधीत जाण्याचे कारण नाही. निधीत जायची ती डोंगराची किंमत, जी ट्रकवाल्याच्या हातात कधी आलीच नव्हती. उलट अलास्कासारखा सारखा वाटा दिला तर डिचोलीतल्या ट्रकवाल्याला आणि सांग्यातल्या भूमिहीन मजुराच्या घराला खाण चालू असो वा बंद, काही तरी हक्काने मिळेल. आणि खरी नड आली, महापूर आला, साथ आली, तर मुद्दलाला हात लावायची वाट मिताक्षरेच्या कायद्याने कधीच दाखवून ठेवली आहे: कायदेशीर गरज, ती सिद्ध करण्याचा भार, आणि घेणाऱ्यानेही चौकशी करणे. दरमहाच्या पगाराची तोंडमिळवणी ही त्या अर्थाने नड ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की निधीत पैसे कुजवण्यापेक्षा शाळा, दवाखाने, रस्ते बांधा. तोही पुढच्या पिढीला दिलेला वारसाच. यात पुष्कळ तथ्य आहे. जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवून दिले की संपणाऱ्या साधनाचा सगळा मोबदला टिकाऊ भांडवलात गुंतवला तर पुढच्यांचे जीवनमान घसरत नाही. ते भांडवल शाळेचेही असू शकते. पण अट ‘सगळा’ ही आहे, आणि ती पाळली हे दाखवणारी वही हवी. खनिजाचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत मिसळला की त्यातला किती शाळेत गेला आणि किती अनुदानात, जाहिरातीत, थकबाकीत, हे सांगता येत नाही. शिवाय शाळा-रस्ते यांसाठी कर आहेतच. डोंगर नसलेल्या राज्यांतही शाळा उभ्या राहतात. तिसरा आक्षेप भविष्याविषयीचा: पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, भंगारातून पोलाद करतील, त्यांना खनिजाची किंमतही उरणार नाही. असेलही. म्हणूनच खनिज जमिनीतच राहू द्या असा हट्ट मी धरत नाही. भाव असताना विकणे शहाणपणाचे असू शकते. वारसाला शेतच हवे असे नाही, शेताची किंमत मिळाली तरी चालेल. ती मिळालीच नाही तर मात्र त्याची समजूत ‘तू श्रीमंत होणारच होतास’ या वाक्याने कशी घालायची? आटलेली विहीर आणि गाळाने भरलेले खाजन तर त्याला श्रीमंतीनेही सहज परत मिळणार नाही.

चौथा आक्षेप सरकारला विश्वस्त मानण्यावर आहे, आणि नौरू आठवले की तो डावलता येत नाही. ज्यांनी मुदत संपलेले पट्टे चालू राहू दिले त्यांच्याच हाती निधीची किल्ली द्यायची का? यावर उपाय विश्वास ठेवणे हा नाही, पाहता येणे हा आहे. प्रत्येक पट्ट्यातून किती टन निघाले, कोणत्या भावाने गेले, निधीत किती पडले, गुंतवले कुठे, हे सातबारा जसा कोणीही काढू शकतो तसे कोणालाही काढता आले पाहिजे. महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये राज्यांचे खनिज-ऊर्जा साधनांचे मत्ता लेखे प्रसिद्ध केले. आरंभीचा साठा, उपसा, शिल्लक अशी ती मांडणी. सरकारी दप्तरात डोंगराला वहीचे पान मिळाले हे लहान काम नाही. ते पान अर्थसंकल्पाशी जोडले आणि ग्रामसभेत, विधानसभेत दरवर्षी वाचले गेले तर विश्वस्ताच्या सचोटीवर कमी अवलंबून राहावे लागेल.

हा प्रश्न गोव्यापुरता राहिलेला नाही. सिंधुदुर्गातल्या रेडीचे लोहखनिज त्याच पट्ट्यातले आहे, आणि गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून ट्रक धावू लागले आहेत. त्याच जिल्ह्यात धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकते. पुढे त्या गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतीही ग्रामसभेच्या नावावर केली. कसणाऱ्याचा कसण्याचा हक्क वंशपरंपरेने राहतो, जमीन बाहेर विकता येत नाही. तिथला बांबू तोडला की कोंब फुटतो. बेटात कोवळे किती ठेवायचे आणि जून किती तोडायचे हे सांभाळले तर दरवर्षीची विक्री खरोखर उत्पन्न असते, ते वाटून खाल्ले तरी बेट उभे राहते. सुरजागडच्या खनिजाला कोंब फुटत नाही. एकाच जिल्ह्याच्या जमाखर्चात हे दोन माल एकाच अर्थाने ‘उत्पन्न’ म्हणून लिहिले जाणार असतील, तर तिथल्या माडिया आदिवासी घरातल्या पोराला त्याच्या वाट्याचे मुद्दल किती होते आणि कधी गेले, ते कोणत्या पानावर वाचायला मिळेल? लिलावाने दिलेला खाणपट्टा कायद्याने ५० वर्षांचा असतो. डिचोलीत २०२२-२३ मध्ये पहिलीत गेलेले मूल तो पट्टा संपेल तेव्हा साठीला टेकलेले असेल, आणि तोवर बहुधा त्याची नातवंडेही शाळेत जाऊ लागलेली असतील.